आर्थरचे आसन

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या श्रोत्यांना ‘आर्थर सीट’ हे नाव नवे नाही. सावित्रीच्या खोऱ्यावर उभा असलेला तो प्रचंड कडा, दूरवर निळसर धुक्यात विरत जाणारे कोकण, आणि खाली टाकलेली हलकी वस्तू उलट वर आणून देणारा तेथला वारा, यांचे वर्णन करीत मंडळी परततात. तो आर्थर कोण, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतील आर्थर मॅलेट या गृहस्थाने तेथे पहिले घर बांधले आणि पूर्वी मढीमहाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेस त्याचे नाव चिकटले. परंतु अगदी याच नावाची एक टेकडी स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरो शहराच्या कुशीत, कित्येक शतकांपासून प्रसिद्ध आहे. महाबळेश्वरच्या कड्यास नाव देणाऱ्या साहेबलोकांच्या कानांत त्या जुन्या टेकडीचे नाव घोळत असले पाहिजे, असे मानण्यास हरकत नाही.

ही मूळची ‘आर्थर्स सीट’ समुद्रसपाटीपासून अवघी २५१ मीटर, म्हणजे ८२३ फूट उंच आहे. साडेचार हजार फुटांवरील महाबळेश्वरापुढे ती केवळ उंचवटा म्हणावी इतकी ठेंगणी. सिंहगड-राजगड पालथे घालणाऱ्या आपल्याकडील तरुणांना तर तिचे हसूच येईल. नावाचा उगमही निश्चित नाही. कोणी दंतकथेतल्या राजा आर्थरशी त्याचा संबंध जोडतात, तर कोणी ‘बाणांची उंच जागा’ अशा अर्थाच्या जुन्या गेलिक शब्दांचा हा अपभ्रंश समजतात. त्या वादात शिरण्याचे कारण नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या टेकडीवर जाण्यासाठी शहर सोडावे लागत नाही. एका बाजूस होलीरूडचा राजवाडा नि २००४ साली उघडलेले स्कॉटिश पार्लमेंटचे नवे भवन, दुसऱ्या बाजूस विद्यार्थ्यांची वसतिगृहे, आणि मध्येच साडेसहाशे एकरांचे हे राजउपवन. कचेरी सुटल्यावर माणूस निघाला तर तासाभरात माथ्यावर पोचतो आणि अंधार पडायच्या आत घरी परततो.

ज्वालामुखी म्हटला की माणसाच्या डोळ्यांपुढे शेंडा छाटलेला शंकू उभा राहतो, त्यात खोल विवर आणि विवरातून निघणारी वाफ. ते चित्र मनात बाळगून येथे येणाऱ्याची निराशा होते. येथे विवर नाही, राखेचा ढीग नाही. दुरून पाहता दिसतो तो दबा धरून बसलेल्या सिंहासारखा एक खडकाळ आकार. त्यातील दोन उंचवट्यांना तेथील लोक सिंहाचे मस्तक आणि सिंहाचा पुठ्ठा अशीच नावे देतात. याचे कारण काळ. हा ज्वालामुखी जागा होता त्याला आता सुमारे ३४ कोटी वर्षे झाली. त्या वेळी स्कॉटलंडची भूमी विषुववृत्ताच्या आसपास होती आणि आजचे एडिंबरो जेथे आहे तेथे उथळ पाणी व दलदल पसरलेली होती. त्या पाण्यात हा ज्वालामुखी उठला, आपली राख नि लाव्हा ओकून थंडावला आणि मग पुढच्या गाळाच्या थरांखाली गाडला गेला. नंतर भूकवचाच्या हालचालींनी हे सारे थर पूर्वेकडे कलंडले. ऊनपावसाने वरचे मऊ खडक झिजवून नेले. अखेरीस हिमयुगांत पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या राशींनी उरलेसुरले खरवडून काढले. आज जे उभे आहे ते त्या ज्वालामुखीचे नरडे आहे. ज्या नळ्यांतून शिलारस वर आला त्यांतच तो थिजला, आणि सभोवतालचे सारे गेले तरी तो कठीण गाभा टिकला. सिंहाचे मस्तक व पुठ्ठा या अशाच दोन नळ्या होत. शहराच्या मधोमध ज्या खडकावर एडिंबरोचा किल्ला बांधला आहे, तोही याच जातीचा.

बहुतेक प्रवासी हे ऐकून न ऐकल्यासारखे करतात आणि जवळच्या वाटेने थेट माथ्याकडे चालू लागतात. पूर्वेच्या अंगाने डनसॅपी नावाच्या लहानशा तळ्यापर्यंत मोटारीचा रस्ता आहे. तेथून चढही थोडकाच. वयस्क माणसांनी तीच वाट धरावी हे योग्य. परंतु ज्याच्या पायांत बळ आहे त्याने राजवाड्याच्या बाजूने निघून आधी सॅलिस्बरी क्रॅग्ज या कड्यांकडे पाहावे. माथ्यावरून दिसणारे दृश्य सुंदर आहे, यात वाद नाही. पण तसे दृश्य जगात इतरत्रही आढळेल. या कड्यांच्या पायथ्याशी जे दिसते त्याच्या जोडीचे मात्र फार थोडे आहे.

हे कडे शहराकडे तोंड करून, एखाद्या कोटाच्या तटासारखे अर्धवर्तुळात उभे आहेत. उंची कोठे कोठे दीडशे फूट. ज्वालामुखी शांत झाल्यावर पुष्कळ काळाने, गाळाच्या दोन थरांच्या मधे खालून शिलारस घुसला आणि तेथेच पट्टीसारखा थिजला. त्या पट्टीची उघडी पडलेली कड म्हणजे हा तट. हे आज शाळेतला मुलगाही सांगेल; अठराव्या शतकात मात्र असे म्हणणाऱ्यास विद्वान लोक वेड्यात काढीत. खडक हे सारे आदिमहासागराच्या पाण्यातून साक्याप्रमाणे खाली बसले, असे तेव्हाचे प्रतिष्ठित मत होते. आणि पृथ्वीचे वय? बायबलातील वंशावळ्या जुळवून ते सहा हजार वर्षांच्या आत-बाहेर ठरवून टाकलेले होते.

या कड्यांच्या समोरच, सेंट जॉन्स हिल या भागात, जेम्स हटन नावाचे एक अविवाहित गृहस्थ राहत असत. जन्म १७२६ चा, याच शहरातला. वैद्यकाची पदवी त्यांनी १७४९ साली हॉलंडातल्या लायडनला घेतली, पण वैद्यकी कधी केली नाही. वडिलोपार्जित जमिनीवर जाऊन ते शेती करू लागले. शेताला चर खणताना, पावसाने माती वाहून जाताना पाहत असता त्यांना एक प्रश्न पडला. माती अशी सदासर्वकाळ समुद्राकडे चालली आहे, तर जमीन अजून शिल्लक कशी? ती कोठेतरी पुन्हा घडत असली पाहिजे. वर उचलली जात असली पाहिजे. आणि ते उचलण्याचे काम पृथ्वीच्या पोटातील उष्णतेखेरीज कोण करणार? शेतकऱ्याचाच हा प्रश्न आहे. ग्रंथांत डोके घालून बसलेल्या पंडिताला तो सुचला नसता.

त्याचे उत्तर त्यांच्या दारासमोरच्या कड्यात लिहिलेले होते. कड्याच्या तळाशी गाळाच्या खडकाचे पातळ थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. त्यांच्यावर काळसर, घट्ट असा शिलारसाचा खडक बसलेला आहे. परंतु एके ठिकाणी ही पाने सरळ राहिलेली नाहीत. ती वर वळलेली, तुटलेली आहेत, आणि एक तुकडा तर त्या काळ्या खडकाने पोटात घेतला आहे. शिवाय जेथे दोन्ही खडक एकमेकांस भिडतात तेथे गाळाचा थर भाजल्यासारखा कठीण झाला आहे. पाण्यातून हळूच खाली बसलेला खडक खालचे थर उचकटणार नाही, आणि भाजणार तर मुळीच नाही. तेव्हा तो तापलेला होता, पातळ होता, आणि गाळाचे थर आधीच घट्ट झाल्यावर त्यांत जोराने घुसला होता, एवढे सिद्ध होते. १७८५ साली हटन यांचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला. पहिल्या दिवशी ते स्वतः आजारी असल्याने त्यांचे स्नेही, प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक, यांनी तो वाचून दाखविला. हटन यांनी पृथ्वीचे वय वर्षांत सांगितले नाही. ते मोजण्याचे साधन तेव्हा कोणापाशीच नव्हते. मात्र झिजणे आणि घडणे यांची ही रहाटी इतकी दीर्घ आहे की तिचा आरंभ शोधूनही सापडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आणि भाविक मंडळींना झोंबला तो हाच.

आपल्याकडील माणसाला या ठिकाणी संकल्पातील श्वेतवाराह कल्पाची आठवण होणे साहजिक आहे. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा, असा आपल्या पुराणांचा हिशेब. आणि आजच्या शास्त्राने ठरविलेले पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. हे आकडे शेजारी शेजारी मांडून छाती फुगविणारे लोक आपल्यात बरेच भेटतात. मोठ्या संख्येची भीती न वाटणे हा एक गुण आहे खरा. पण ती संख्या दगडातून काढून दाखविणे ही गोष्ट निराळी, आणि त्या कामी कड्याच्या तळाशी गुडघे टेकूनच बसावे लागते.

हटन १७९७ साली वारले. त्यांचे मत लगेच रुजले असे मात्र कोणी समजू नये. पुढे एडिंबरो विद्यापीठात रॉबर्ट जेमसन हे प्राध्यापक झाले, ते जुन्या जलवादी मताचे. १८२५ ते १८२७ या काळात तेथे वैद्यक शिकणारा एक सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी त्यांच्याबरोबर याच कड्यांपाशी आला होता. सभोवार ज्वालामुखीचे खडक पसरलेले असताना, प्राध्यापकमहाशयांनी एका काळ्या खडकाच्या भिंतीकडे बोट दाखवून, ही वरून पडलेल्या गाळाने भरलेली भेग आहे असे सांगितले, आणि खालून शिलारस आला असे मानणाऱ्यांची टवाळी केली. ते व्याख्यान ऐकून भूशास्त्राच्या वाटेला पुन्हा जायचे नाही असा त्या मुलाने निश्चय केला. तो मुलगा चार्ल्स डार्विन. ही हकीकत त्याने म्हातारपणी आपल्या आत्मवृत्तात नमूद केली आहे. सुदैवाने निश्चय टिकला नाही. पुढे ‘बीगल’ जहाजावरील प्रवासात त्याने भूशास्त्राचा कसून अभ्यास केला. पुराव्यासमोर उभे राहून पुरावा न दिसणारे प्राध्यापक सर्व देशांत होऊन गेले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना दिलासा देणारी आहे, की काळजीत टाकणारी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता या कथेची दुसरी बाजू. कड्याचा हा भाग इतका स्वच्छ उघडा दिसतो याचे एक कारण असे की तेथे दगडांची खाण चालत होती. या राजउपवनाचे वंशपरंपरागत राखणदार म्हणून हॅडिंग्टनच्या अर्ल घराण्याची नेमणूक होती. राखणदारी म्हणजे राखण्याचे काम. पण वतन वंशपरंपरेने चालू लागले की वतनदाराला मूळ धनी कोण याचा विसर पडतो. हे मराठी माणसाला वेगळे समजावून देण्याची गरज नाही. सॅलिस्बरी क्रॅग्जचा दगड अत्यंत कठीण. लंडनच्या रस्त्यांना फरसबंदीसाठी त्याला चांगली मागणी होती. तेव्हा राखणदाराने सुरुंग लावले आणि शहराच्या डोळ्यांदेखत कडा मागे मागे हटू लागला.

अखेर १८१९ साली प्रकरण न्यायालयात गेले. राखणदाराचे म्हणणे, वतन आपले म्हणून दगडही आपला. विरुद्ध पक्षाचे म्हणणे, राखणीस दिलेली वस्तू विकण्याचा हक्क राखणदाराला नाही. खटला बारा वर्षे चालला. १८३१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने राखणदाराच्या विरुद्ध निकाल दिला आणि सुरुंग थांबले. पुढे १८४०च्या दशकात सरकारने मोबदला मोजून ती राखणदारीच विकत घेतली. टेकडी वाचली ती अशी, कोर्टाच्या दप्तरात. ती मुळात सुंदर होती म्हणून आपोआप वाचली, असे माथ्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांना वाटत असेल तर तो भ्रम आहे.

कड्याजवळच लोहयुक्त खनिजाची लाल शीर असलेला एक एकटा खडक उभा आहे. भोवतालचा दगड फोडताना हा तेवढा ठेवा, अशी विनंती हटन यांनी खाणवाल्यांना केली होती, असे परंपरेने सांगतात. त्याला हटनचा खडक म्हणतात. एक माणूस त्या दगडाला वाचण्यासारखा मजकूर समजत होता, दुसरा त्याची फरशी करीत होता, आणि त्या दोघांत काही काळ तरी सलोखा होता.

हे सारे आपल्याला परके नाही. इंदूरच्या माळव्यापासून बेळगावपर्यंत, बडोद्याजवळच्या पावागडापासून बिदरच्या पठारापर्यंत जी काळी भूमी पसरली आहे, ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. मात्र आपल्याकडे एडिंबरोसारखा एकच पर्वत उठून आग ओकू लागला असे झाले नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पुरासारखा लाव्हा येत राहिला; थरावर थर बसत त्याची जाडी सह्याद्रीत दोन किलोमीटरांच्या वर गेली. म्हणून महाबळेश्वरची ‘आर्थर सीट’ लाव्हाच्याच कड्यावर असली, तरी तिला विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड म्हणता येत नाही. आपल्या डोंगरांच्या या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेला शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. आपली जाती, पाटे-वरवंटे, घाटांच्या पायऱ्या, हेमाडपंती देवळे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी, सारे याच दगडाचे. आणि एखादी टेकडी खडीसाठी फोडली जात असल्याचे दृश्य तर आपल्याकडे इतके नेहमीचे की त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे. काळ्या खडकाचे उभे खांब एकत्र बांधल्यासारखा तिचा आकार, उंची सुमारे दोनशे फूट. एडिंबरोच्या टेकडीच्या दक्षिण अंगास अगदी असेच खांब आहेत. त्यांना सॅमसनच्या बरगड्या म्हणतात. गिल्बर्ट टेकडीचा सभोवतालचा भाग खाणींनी व इमारतींनी केव्हाच खाऊन टाकला आहे. ती एकटी उभी आहे.

कड्याच्या पायथ्याने जाणाऱ्या वाटेचे नाव ‘रॅडिकल रोड’. ते नाव ज्यांच्यावरून पडले ते लोक येथे हवा खायला आलेले नव्हते. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर स्कॉटलंडात बेकारी माजली. हातमागाच्या विणकरांची तर अन्नान्नदशा झाली. मताचा हक्क आणि काम मागत १८२० च्या एप्रिलात पश्चिम भागात हजारो कामकऱ्यांनी संप पुकारला, काहींनी हत्यारे उचलली. सरकारने तो उठाव लवकरच चिरडला. जेम्स विल्सन, अँड्र्यू हार्डी आणि जॉन बेअर्ड या तिघांना त्याच वर्षी देहान्ताची शिक्षा झाली. त्यानंतर, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या सूचनेवरून, बेकार विणकरांना या टेकडीवर रस्ता बांधण्याच्या कामास लावण्यात आले. दुष्काळात आपल्याकडे खडी फोडण्याची कामे काढतात, तसलाच हा प्रकार. धोट्याला सरावलेल्या हातांनी दगड बसविले. शहरातील सुखवस्तू लोकांना फिरावयास रम्य वाट मिळाली आणि वाट करणाऱ्यांना पोटापुरती मजुरी. मुलांच्या जिभेला वळण देणाऱ्या एका यमकांच्या खेळात हे नाव आजही ऐकू येते. त्यामागे फाशी गेलेली माणसे आहेत याची गंधवार्ता त्या मुलांना नसते. २०१८ च्या सप्टेंबरात कड्याची दरड कोसळली आणि हा रस्ता लोकांसाठी बंद करण्यात आला. ती वाट मोकळी करावी की सुरक्षिततेसाठी बंद ठेवावी, यावर एडिंबरोत पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. सॅलिस्बरीच्या कड्यांकडे म्हणूनच समोरून, थोड्या अंतरावरून पाहण्याची तयारी प्रवाशाने ठेवावी.

माथ्याची वाट गवतातून जाते. दोन्ही बाजूंस गॉर्स नावाची काटेरी झुडपे असतात. वसंतात ती पिवळ्या फुलांनी लहडतात नि त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. गोव्याच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला त्या थंड हवेत क्षणभर घरच्या माजघराचीच आठवण व्हावी. मेच्या पहिल्या तारखेस पहाटे तरुण मुली येथे चढून दवाने तोंड धूत, त्याने कांती उजळते असा समज होता. आजही ती हौस पुरविणारे लोक आहेत. याच टेकडीच्या ईशान्य उतारावर १८३६ साली सशांच्या मागे धावणाऱ्या काही मुलांना एका कपारीत सतरा चिमुकल्या शवपेट्या सापडल्या. प्रत्येकीत कपडे घातलेली एक लाकडी बाहुली. त्यांतील आठ स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्या कोणी व कशासाठी ठेवल्या, याविषयी अनेक तर्क झाले, त्यांतील एकही सिद्ध झालेला नाही.

शेवटचा चढ उघड्या खडकाचा आहे. हजारो पावलांनी तो खडक गुळगुळीत केला असून पाऊस पडून गेल्यावर तेथे पाय घसरतो. वर वारा असा की बोलणे ऐकू येऊ नये. मोजणीचा एक दगडी खांब आणि दिशा दाखविणारी तबकडी आहे. पश्चिमेकडे पाहिले की किल्ल्याचा खडक दिसतो. त्याने सरकत्या बर्फाला छातीवर झेलले आणि पाठीमागची मऊ भूमी वाचविली. तिच्याच उतरत्या पाठीवर जुने शहर राजवाड्यापर्यंत वसले आहे. त्या किल्ल्याकडे मराठी माणसाने क्षणभर अधिक पाहावे. अठराव्या शतकाच्या शेवटी तेथील गव्हर्नराचा एक मुलगा शहरातील हायस्कुलात शिकत होता. पुढे तो पुण्यास रेसिडेंट झाला, आणि शनिवारवाड्यावरचे निशाण उतरले त्या घडामोडींचा मुख्य सूत्रधारही तोच. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

दक्षिणेस पेंटलंडचे डोंगर, पूर्वेस दूर समुद्रात बास रॉक हा पक्ष्यांनी पांढरा झालेला खडक आणि त्याच्या अलीकडे नॉर्थ बेरिकची टोकदार टेकडी. ही दोन्ही अशाच विझलेल्या ज्वालामुखींची नरडी. उत्तरेला फोर्थची खाडी, पलीकडे फाइफचा किनारा. हवा स्वच्छ असेल तर १८९० साली पुरा झालेला आगगाडीचा पूल. आणि खाडीच्या अलीकडच्या काठावर, जणू हात लांबवावा आणि लागावे इतके जवळ, लीथचे बंदर.

१७७८ च्या सप्टेंबरात याच माथ्यावरून काही शेकडो सैनिक त्या बंदराकडे पाहत होते. सीफर्थच्या अर्लने त्याच वर्षी उत्तरेकडील डोंगरी मुलखातून नवी पलटण उभी केली होती. तिच्यात मॅक्रे कुळातील लोकांचा भरणा मोठा. गेलिक बोलणारे, गुरे राखणारे, आपल्या सरदाराच्या शब्दाखातर आलेले लोक. त्यांचा पगार थकला होता. लीथला जहाजावर चढण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांच्यात एक वार्ता पसरली की, आपल्याला आपल्याच अधिकाऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला विकले आहे आणि ही जहाजे हिंदुस्थानला जाणार आहेत. त्यांनी जहाजावर चढण्याचे नाकारले, आणि ते बॅगपाइप वाजवीत थेट आर्थर्स सीटवर येऊन बसले. कित्येक दिवस ते येथून हलले नाहीत. शहरातील लोकांनी त्यांना अन्न पुरविले. ज्या देशाला ते इतके भीत होते, तेथे त्याच सुमारास मुंबईकर इंग्रज पुण्यावर स्वारीची तयारी करीत होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्या स्वारीची काय गत झाली ते सर्वांस ठाऊक आहे.

अखेर बोलणी झाली. बंडाबद्दल माफी, थकलेला पगार चुकता, आणि हिंदुस्थानात पाठविणार नाही असे आश्वासन. सैनिक वाजतगाजत टेकडी उतरले आणि आनंदाने जहाजावर चढले. त्यांना इंग्लिश खाडीतील बेटांवर पहाऱ्यास ठेवण्यात आले.

१७८१ च्या जूनमध्ये हीच पलटण पोर्टस्मथहून हिंदुस्थानला निघाली. सीफर्थचे अर्ल बरोबर होते. सेंट हेलेनाला पोचण्यापूर्वीच ते वारले. ताजे अन्न नसल्याने स्कर्व्हीच्या रोगाने वाटेत जवळजवळ अडीचशे माणसे दगावली. १७८२ च्या एप्रिलात पलटण मद्रासच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा निघालेल्या अकराशे माणसांपैकी हातात शस्त्र धरण्याजोगी माणसे चारशेही नव्हती.